गल्लीच्या संघाने बार्सिलोनाची जर्सी घालावी की स्वतःची शिवून घ्यावी?

डावा_विंगर

नमस्कार. सोलापूरच्या सात रस्ता परिसरातील आम्हा सोळा जणांचा एक फुटबॉल संघ आहे. बहुतेक मुले महाविद्यालयात शिकतात, दोघे नोकरी करतात आणि एक जण वडिलांच्या किराणा दुकानात बसतो. दिवाळीनंतरच्या एका सेव्हन-अ-साइड (प्रत्येक संघात सात खेळाडूंच्या) स्पर्धेत उतरायचे ठरले असून त्यासाठी नव्या जर्सी घ्यायच्या आहेत. प्रत्येकी ४०० रुपये वर्गणी जमली आहे. अडचण पैशापेक्षा मतभेदाची अधिक आहे.

संघातील निम्म्या मुलांना स्पेनमधील बार्सिलोना क्लबच्या जर्सीची तयार मिळणारी ‘फर्स्ट कॉपी’, म्हणजे हुबेहूब नक्कल, हवी आहे. रात्री दीड वाजता सुरू झालेला सामना संपवून सकाळी आठच्या तासाला बसणारी ही मुले आहेत. कोणता खेळाडू कोणत्या क्लबकडे निघाला आणि पुढच्या हंगामाच्या जर्सीवर पट्टे किती रुंद असतील, हे त्यांना नळाला पाणी कधी येणार त्याच्या आधी कळते. क्लबने जर्सी जाहीर करण्यापूर्वीच तिची फुटलेली छायाचित्रे आमच्या गटावर येऊन, त्यांवरून भांडण होऊन, ते मिटलेलेही असते. उरलेल्यांचे, आणि मी त्यांच्यापैकी आहे, म्हणणे असे की ज्या गावात परराज्यांतल्या शाळांचेही गणवेश शिवले जातात, त्या गावच्या संघाने उसन्या कपड्यात मैदानात उतरणे बरे दिसत नाही. आमच्यातील एकाने सोलापुरी चादरीवरची नक्षी घेऊन करड्या रंगात एक नमुना मोबाइलवर तयारही केला आहे.

मात्र स्वतःची जर्सी म्हटले की गेल्या वर्षीची फजिती आठवते. तेव्हा आम्ही लाल रंगाचे तयार टी-शर्ट घेऊन एका दुकानातून त्यांवर पांढरे क्रमांक दाबून घेतले होते. आठवडाभरात ते क्रमांक गुलाबी दिसू लागले. माझा क्रमांक इंग्रजी आकड्यातला ७ होता. तिसऱ्या धुण्यात त्याची वरची आडवी पट्टी सुटून गेली आणि पुढच्या सामन्यात मी केलेल्या धसमुसळेपणाचे पिवळे कार्ड पंचांनी १ क्रमांकाच्या, म्हणजे आमच्या गोलरक्षकाच्या, नावावर लिहिले. तो अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

कापड कोणते घ्यावे, क्रमांक कसे छापावेत आणि रंग कोणता ठरवावा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

शिलाईवाला_पूर्वभाग

आमचा गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना आहे आणि गेली काही वर्षे आम्ही खेळाच्या जर्सीही करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आपले क्रमांक गुलाबी झाले त्यात धुणाऱ्याचा दोष नाही. पॉलिस्टरला लाल रंग देण्यासाठी जे डिस्पर्स रंग वापरतात, ते पुरेशी उष्णता मिळाली की वायुरूप होऊन धाग्यातून बाहेर पडू लागतात. दुकानदाराने पांढरा व्हिनाइल (प्लास्टिकच्या पातळ पत्र्याचा) क्रमांक हीट प्रेस या तापवून दाबणाऱ्या यंत्राखाली दाबला, तेव्हा खालचा लाल रंग सुटून वरच्या पांढऱ्यात शिरला. त्या दिवशी तो दिसला नाही, नंतर हळूहळू वर आला. कमी तापमानावर चिकटणारे किंवा मध्ये रंग अडवणारा थर असलेले व्हिनाइल वापरले असते तर हे टळले असते. पट्टी सुटण्याचे कारण बहुधा दाब कमी पडणे हे असावे. त्यावर घरी कोणी गरम इस्त्री फिरवली असेल, तर उरलेले काम तिने केले.

या वेळी सबलिमेशन करून घ्यावे. त्यात हाच अवगुण कामाला लावलेला असतो. संगणकावरचा नमुना कागदावर आरशातल्यासारखा उलटा छापतात, तो कागद पांढऱ्या पॉलिस्टरवर ठेवून सुमारे २०० अंश सेल्सिअसला पाऊण ते एक मिनिट दाबतात, आणि रंग वायुरूप होऊन थेट धाग्यात जातो. वर कोणताही थर बसत नाही. त्यामुळे तो सोलून निघण्याचा प्रश्न येत नाही आणि छातीवर हात फिरवला तरी क्रमांक कुठे सुरू होतो ते बोटांना कळत नाही. एक गोष्ट लक्षात ठेवावी, की या छपाईत पांढरी शाई नसते. लाल जर्सीवर पांढरा ७ हवा असेल तर कापड पांढरेच घेऊन सातच्या भोवतीचे सगळे लाल छापावे लागते. म्हणून रंगीत तयार टी-शर्ट घेऊन कोणाकडे जाऊ नये.

दुसरी गोष्ट विचारून घ्यावी ती अशी, की आधी कापून छापणार की आधी शिवून छापणार. शिवलेल्या जर्सीवर छापले तर काखेत आणि बाहीच्या जोडापाशी चुणी पडते आणि तेवढी जागा पांढरी राहते. खेळाडूने हात वर केला की ती पांढरी रेघ लांबूनही दिसते. पुढचा भाग, पाठ आणि बाह्या वेगवेगळ्या कापून, छापून, मग ओव्हरलॉक शिलाई यंत्रावर जोडलेल्या जर्सीत हा दोष राहत नाही.

कापड डॉट निट (बारीक ठिपक्यांच्या विणीचे पॉलिस्टर), १४० ते १६० जीएसएमचे (म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचे) घ्यावे. आपल्याकडे अजून काही पालक सुती कापडाचा आग्रह धरतात. नेहमीच्या हवेत सुती धागा वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के ओलावा धरून ठेवतो आणि पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. टॉवेलने पाणी धरायचे असते, जर्सीने ते सोडायचे असते. टॉवेलच्या गावात हे वेगळे सांगायला लागू नये, पण लागते. शिवाय सबलिमेशन सुती कापडावर टिकतच नाही. आपल्या ४०० रुपयांत चांगली अर्ध्या बाह्यांची जर्सी बसावी. चड्डीसकट बसणार नाही.

बार्सिलोनाच्या नकलेविषयी आमच्या बाजूने सांगायचे तर, क्लबचे बोधचिन्ह आणि कंपनीची खूण आम्ही छापून देत नाही. १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार दुसऱ्याचे चिन्ह खोटेपणाने लावणे आणि तसा माल विकणे या दोन्हींसाठी सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. सोळा जर्सींच्या कामासाठी ही जोखीम कोण घेणार?

काम्पनोऊ_ते_कन्नाचौक

फर्स्ट कॉपी मागणाऱ्या मुलांची बाजू कोणीतरी मांडायला हवी, म्हणून लिहितो. २००९ मध्ये बार्सिलोनाने एका वर्षात सहा करंडक जिंकले तेव्हा मी नववीत होतो आणि बाजारातून घेतलेली ती जाड, घामाने अंगाला चिकटणारी जर्सी मी फाटेपर्यंत घातली. तिला नक्कल म्हणा, पण ती घालताना आपण कोणाची नक्कल करत आहोत असे मनात कधी आले नाही. २०१५-१६ च्या हंगामात क्लबने उभे पट्टे आडवे केले, तेव्हा कन्ना चौकात चहाच्या गाड्यावर आम्ही चौघे जण घरातल्या लग्नाची पत्रिका चुकीची छापून आल्यासारखे हळहळत होतो. तेथून स्पेन किती लांब आहे याचा विचार आम्ही केला नव्हता.

तरीही एक मान्य करतो. पाठीवर नाव असलेली जर्सी लवकर शिळी होते. २०२१ च्या ऑगस्टमध्ये मेस्सी बार्सिलोना सोडून पॅरिसला गेला आणि ३० क्रमांक घालू लागला. २०२३ मध्ये तो मायामीला गेला आणि ज्या मुलांनी जन्मात गुलाबी कपडा अंगाला लावला नव्हता, ती गुलाबी जर्सी घालून फिरू लागली. संघासाठी घ्यायचीच असेल तर नावाविना घ्या, एवढे तरी सांगेन.

मूळचा_कोल्हापूरकर

नोकरीनिमित्त सोलापुरात आलो त्याला आता वीस वर्षे होतील. आमच्या कोल्हापुरात राजर्षी शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम असे संघ उतरतात, तेव्हा प्रेक्षक खेळाडूचा चेहरा पाहण्याआधी रंग पाहतो. त्यातील कित्येक जण रात्री युरोपातल्या क्लबांसाठीही जागतात. परंतु सामन्याच्या दिवशी पेठेत आपल्या तालमीचाच रंग लागतो. काम्पनोऊ यांच्या निष्ठेविषयी मला आदरच आहे. मात्र प्रेक्षकाची जर्सी आणि खेळाडूची जर्सी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि डावा विंगर यांचा प्रश्न दुसरीविषयी आहे.

आता त्या करड्या नमुन्याविषयी. चादरीची नक्षी अवश्य घ्यावी, करडा रंग मात्र कृपा करून घेऊ नये. १३ एप्रिल १९९६ रोजी मँचेस्टर युनायटेडचा संघ साउदॅम्प्टनच्या मैदानावर करड्या जर्सीत उतरला आणि मध्यंतराला ३-० ने पिछाडीवर होता. व्यवस्थापक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांनी मध्यंतरात सगळ्यांना जर्सी बदलायला लावली आणि दुसऱ्या अर्धात संघ निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत आला. सामना ३-१ ने गेलाच; परंतु पाठीमागच्या गर्दीत आपला सहकारी चटकन ओळखू येत नाही ही खेळाडूंची तक्रार फर्ग्युसन यांनी उघडपणे सांगितली आणि ती जर्सी पुन्हा वापरली गेली नाही. लोक या गोष्टीला हसतात, पण त्यांनी एकदा आपल्याकडच्या मैदानावर संध्याकाळी पाचच्या उन्हात, धूळ उडालेली असताना, तीस यार्डांवरचा करडा माणूस शोधून दाखवावा.

दोन रंगांची जर्सी शिवून घेणे परवडणार नसेल तर जर्सीवरून घालायच्या बिनबाह्यांच्या रंगीत बिब्स तरी सोबत ठेवाव्यात, कारण समोरचा संघ त्याच रंगात आला तर आयोजक नाणेफेक करून एकाला कपडे बदलायला सांगतात. हे विश्वचषकातही घडलेले आहे. १० जून १९७८ रोजी अर्जेंटिनातील मार देल प्लाता येथे फ्रान्स आणि हंगेरी हे दोन्ही संघ पांढऱ्या जर्सी घेऊन आले. अखेर किम्बर्ली या स्थानिक क्लबच्या हिरव्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांच्या जर्सी मागवण्यात आल्या, सामना उशिरा सुरू झाला आणि फ्रान्सने उसन्या कपड्यांतच तो ३-१ ने जिंकला. उसन्या जर्सीचा एवढा चांगला उपयोग मी दुसरा ऐकलेला नाही.

रंग ठरत नसेल तर मुलांकडून नमुने मागवावेत. ब्राझील १९५० मध्ये पांढऱ्या जर्सीत उरुग्वेकडून घरच्या मैदानावर हरला, त्यानंतर एका वृत्तपत्राने ध्वजातील चारही रंग वापरण्याची अट घालून स्पर्धा घेतली. आज सगळे जग ओळखते ती पिवळी जर्सी अल्दिर श्ली या १९ वर्षांच्या मुलाने त्या स्पर्धेसाठी काढलेली आहे. गंमत म्हणजे तो उरुग्वेच्या सीमेवरच्या गावचा होता आणि मनाने उरुग्वेचाच पाठीराखा होता.

डावा_विंगर

सर्वांचे मनापासून आभार. काल पार्क स्टेडियमबाहेर बसून आम्ही मतदान घेतले आणि नऊ विरुद्ध सात अशा मतांनी स्वतःची जर्सी शिवून घेण्याचे ठरले. अंगाला गडद जांभळा रंग, दोन्ही खांद्यांवर चादरीच्या किनारीची नक्षी आणि पाठीवर पांढरा क्रमांक असा नमुना नक्की झाला आहे. करडा नमुना करणाऱ्याने साउदॅम्प्टनची गोष्ट ऐकून फारसा वाद घातला नाही.

नवीनच अडचण अशी उभी राहिली आहे की आमच्या भागातील एक कार्यकर्ते सगळ्यांच्या चड्ड्यांचा खर्च करण्यास तयार आहेत. बदल्यात जर्सीच्या छातीवर त्यांचे हात जोडलेले छायाचित्र हवे आहे. सबलिमेशनमध्ये छायाचित्र छापता येते का, आणि येत असेल तर येत नाही असे सांगता येईल का?

शिलाईवाला_पूर्वभाग

येते, आणि फार स्वच्छ येते. चेहऱ्याच्या छटा सबलिमेशनइतक्या चांगल्या दुसऱ्या छपाईत क्वचितच उतरतात, त्यामुळे खोटे सांगण्यात आमची मदत होणार नाही. मात्र छातीवरचे छायाचित्र दहा-बारा इंच रुंद केले तर नक्षी झाकली जाते, हे खरे आहे आणि तेवढे मी लिहून द्यायला तयार आहे. बाहीवर तीन इंचांत त्यांचे नाव देऊ करा. जांभळ्याच्या बाबतीत एक सूचना अशी, की पडद्यावर दिसणारा जांभळा आणि कापडावर उतरणारा जांभळा यांत फरक पडतो. तो बरेचदा निळ्याकडे झुकतो. सगळा माल छापण्यापूर्वी वीतभर तुकडा छापून घ्यावा आणि तो दिवसाच्या उजेडात पाहावा. १५ आणि १६ क्रमांकांच्या जर्सी एक माप मोठ्या कराव्यात, कारण बदली खेळाडू आयत्या वेळी कोण येईल याचा नेम नसतो.

काम्पनोऊ_ते_कन्नाचौक

हरलेल्या सात जणांना माझा नमस्कार सांगावा. त्या कार्यकर्त्यांना हेही सांगता येईल की १८९९ साली स्थापन झालेल्या बार्सिलोनाने २००६ पर्यंत छातीवर कोणाचेही नाव येऊ दिले नव्हते, आणि २००६ मध्ये युनिसेफचे नाव घेतले तेव्हा पैसे घेण्याऐवजी क्लबच दरवर्षी १५ लाख युरो युनिसेफला देऊ लागला. पुढे २०११ मध्ये तेथेही पैसे देणाऱ्याचे नाव आलेच, पण तो भाग त्यांना सांगण्याची गरज नाही.

डावा_विंगर

बाहीवरील तीन इंचांवर त्यांनी होकार दिला आहे. बार्सिलोनाचा दाखला द्यावाच लागला नाही. छापलेला तुकडा उद्या सकाळी पाहायला जात आहोत. गोलरक्षकासाठी पोपटी रंगाची वेगळी जर्सी सांगितली आहे आणि तिच्यावर १ ऐवजी ८ क्रमांक छापावा, असे त्याने लेखी कळवले आहे. आठाची कोणतीही पट्टी निघाली तरी त्याचा ७ होणार नाही ना, एवढे शिलाईवाला यांनी सांगावे, कारण तो मला विचारत आहे.