उणे ४८ व्होल्ट आणि बॅटरी बँक
‘दूरसंचार उपकरणांच्या उणे ४८ व्होल्ट डीसी पुरवठ्याचा झटका बसत नाही, त्यामुळे रॅकमधील ओएलटी (फायबर इंटरनेटचे केंद्रातील उपकरण) चालू ठेवूनच वायरिंग करता येते’ हे मत अर्धेच खरे आहे. कोरड्या हाताला झटका सहसा जाणवत नाही. परंतु मागे बॅटरी बँक असते आणि शॉर्ट सर्किट झाल्यास तिच्यातून शेकडो अँपिअर प्रवाह वाहून हातातील पाना किंवा अंगठी क्षणात लालबुंद होऊ शकते. शिवाय या पद्धतीत धन टोक अर्थ केलेले असते, म्हणून ऋण तार रॅकच्या अर्थ केलेल्या धातूला नुसती टेकली तरी शॉर्ट सर्किट होते. माझा आग्रह असा, की अर्थिंगची तार सर्वांत आधी जोडावी व सर्वांत शेवटी काढावी, आणि ए व बी हे दोन्ही फीड (उपकरणाला येणारे दोन स्वतंत्र वीजपुरवठे) बंद करून मल्टिमीटरने खात्री केल्याशिवाय टर्मिनलला हात लावू नये. एकच ब्रेकर पाडला तर दुसऱ्या फीडवर उपकरण चालूच राहते.