मदत हवी आहे: तुरीची चुणी सुरू केली आणि दूध घटलं

गोठेवाला_शीळ:
सहा मुऱ्हा म्हशी आहेत. सरकी पेंड परवडेना म्हणून तुर्भ्याच्या दाणा बाजारातून ओळखीने तुरीची चुणी (डाळ भरडताना उरणारं टरफल आणि कणी) आणली, दहा गोणी. आठ दिवसांत दूध उतरलं, शेण पातळ. बंद करू का? लवकर सांगा, धारेची वेळ झालीय.

टिटवाळेकर:
किती घालता? म्हशी कधी व्यायल्या? पेंड चालू आहे का?

दूधवाला_मामा:
चुणीबिणी सोडा. सरकीशिवाय फॅट लागत नाही. तीस वर्षं बघतोय.

टिटवाळेकर:
मामा, परवडत नाही म्हणून तर विचारतायत. चांगल्या चुणीत १५ ते २० टक्के प्रथिनं असतात. फक्त सगळं आंबोण (भिजवून द्यायचा खुराक) तिचंच करू नये, पाव हिस्सा पुरे.

हिरवा_चारा:
अझोला लावा, पाण्यावर वाढणारा चारा! माझ्याकडे गच्चीवर दोन वाफे आहेत.

गोठेवाला_शीळ:
गच्ची नाही, म्हशी आहेत. पेंड अर्थातच बंद केली, म्हणून तर चुणी आणली. पाच-पाच किलो, रात्री भिजवून सकाळी. वैरण पेंढाच. चार म्हशी मार्चमध्ये व्यायल्या, दोन गाभण.

टिटवाळेकर:
हे आधी सांगायचं ना! एका दिवसात पेंड तोडली तर पोट बिघडणारच. आणि या दमट हवेत रात्रभर भिजवलेलं आंबतं. तासभर पुरे.

खारेगावकर:
आधी ती चुणी आहे का बघा. मूठभर पाण्यात टाका. टरफल तरंगतं, डाळीची कणी तळाला बसते.

गोठेवाला_शीळ:
जवळजवळ सगळंच तरंगतंय. भिंतीकडच्या तीन गोणींत हात घातला तर आत गरम, कुबट वास. पत्रा गळतो तिथे.

दूधवाला_मामा:
उन्हात टाका, वास जातो.

खारेगावकर:
वास जाईल, बुरशीचं विष नाही जात. अफ्लाटॉक्सिन दुधातही उतरतं. मामा, तुमच्या गिऱ्हाइकांची पोरं पितात ना ते? त्या तीन गोणी फेकाच. गाभणींना तर शिवू देऊ नका.

टिटवाळेकर:
बाकीच्या कोरड्या असतील तर टरफल समजून किलोभरच घाला, गोणी फळीवर ठेवा. पेंड परत सुरू करा, हळूहळू वाढवत. शेण दोन दिवसांत सुधारलं नाही तर पशुवैद्यांना बोलवा.

नौपाड्याची_माई:
गाभण आहेत म्हणालात. व्यायल्या की खरवसाला चीक मिळेल का?

गोठेवाला_शीळ:
माई, आधी गोणी फेकून येतो.