‘बसंती चोला’ : बसंती म्हणजे केशरी का?

विचारणा अशी आहे : शाळेच्या स्नेहसंमेलनात निवेदिकेने ‘मेरा रंग दे बसंती चोला’चा अर्थ ‘आई, माझा अंगरखा केशरी रंगव’ असा सांगितला. बरोबर का?

अंगरखा एक वेळ चालेल, केशरी नाही. बसंती म्हणजे पिवळा. पंजाबात वसंत पंचमीच्या सुमारास मोहरीची शेतं फुलतात, त्या फुलांचा रंग. त्या दिवशी लोक पिवळे कपडे घालतात, पिवळा गोड भात करतात. आपल्याकडे वसंत म्हटलं की आंब्याचा मोहोर आणि लालभडक पळस, त्यामुळे ‘बसंती’ ऐकून डोळ्यांपुढे पिवळा येतच नाही. जवळचा रंग हवा तर बहाव्याचा घ्या.

तरी मराठी माणूस केशरीकडे का घसरतो, तेही कळतं. गाण्यातच शिवाजी महाराज आहेत. ज्या चोल्यात महाराज प्राणपणाने लढले, झाशीची राणी लढली, तोच घालून आम्ही निघालो, असा भाव त्यात आहे. महाराजांचं नाव आलं की आपल्याला भगवाच दिसणार! शिवाय राजपुतांचा ‘केसरिया’, म्हणजे शेवटच्या लढाईला जाताना घालायचा केशरी वेश, डोक्यात असतोच. तीन वेगळे रंग आहेत, पण त्यागाच्या गाण्यात ते एकमेकांत मिसळतात.

आता ‘चोला’. साधूफकिरांचा पायघोळ झगा हा सरळ अर्थ. पण हिंदीत ‘चोला छोड़ना’ म्हणजे देह ठेवणे. आपण ‘कुडी सोडली’ म्हणतो, तेच. फाशीची शिक्षा झालेला माणूस आईला ‘माझा चोला रंगव’ म्हणतो, तेव्हा तो कपड्याबद्दल बोलतोय की देहाबद्दल? दोन्ही. ‘अंगरखा’ म्हटलं की त्यातलं निम्मं सांडतं. ‘चोळामोळा’शी मात्र याचा काही संबंध नाही, तो ‘चोळणे’वरून आलाय.

ध्रुवपद रामप्रसाद बिस्मिल यांच्या नावावर सांगितलं जातं. काकोरीच्या रेल्वे लुटीच्या खटल्यात त्यांना 19 डिसेंबर 1927 रोजी गोरखपूरच्या तुरुंगात फाशी झाली. आज मात्र ते भगतसिंगांचं गाणं झालंय, आणि त्यात सिनेमाचा वाटा मोठा. 1965च्या ‘शहीद’मध्ये प्रेम धवन यांनी ध्रुवपद ठेवून कडवी नवी लिहिली, चालही त्यांचीच. 7 जून 2002 रोजी भगतसिंगांवरचे दोन हिंदी चित्रपट एकाच दिवशी लागले आणि दोन्हींत हे गाणं होतं. 2006मध्ये तर ‘रंग दे बसंती’ हे चित्रपटाचंच नाव झालं.

माझं मत विचाराल तर या गाण्याने भगतसिंगांचं चित्रसुद्धा रंगवलं. कॅलेंडरवर त्यांची पगडी पिवळी किंवा केशरी असते. खरे फोटो सगळे कृष्णधवल. त्यातला सर्वांत प्रसिद्ध फोटो 1929 सालचा, असेंब्लीत बॉम्ब टाकण्याच्या काही दिवस आधी दिल्लीत काढलेला, आणि त्यात डोक्यावर फेल्ट हॅट आहे. लाहोरच्या नॅशनल कॉलेजातल्या गटफोटोत पगडी आहे, पण ती पांढरी दिसते. तरीही 16 मार्च 2022 रोजी भगतसिंगांच्या वडिलोपार्जित गावी, खटकड कलाँला पंजाबच्या मुख्यमंत्र्यांचा शपथविधी झाला, तेव्हा लोकांना बसंती पगडी बांधून यायला सांगितलं होतं आणि सगळं मैदान पिवळं झालं होतं. फोटोपेक्षा गाणं वरचढ ठरतं ते असं.

पगडीवरून आठवलं, ‘पगड़ी संभाल जट्टा’. हे 1907चं, ल्यालपूरच्या (आज पाकिस्तानातलं फैसलाबाद) शेतकरी सभेत बांके दयाल यांनी म्हटलेलं. ते आंदोलन भगतसिंगांचे काका अजितसिंग यांचं, आणि राग होता कालव्याकाठच्या जमिनींच्या कायद्यावर. इथे पगडी म्हणजे इभ्रत. मुंबईकराला सावध करायला हवं, कारण त्याच्या लेखी पगडी म्हणजे चाळीतल्या खोलीचे पैसे. ‘संभाल’चं ‘सांभाळ’ सहज होतं, पण मला ‘अब्रू राख, गड्या’ जास्त जवळचं वाटतं. ‘जट्टा’ला ‘गड्या’ थोडं कमी पडतं, कारण त्यात जमीन कसणारा जाट शेतकरी आहे. ‘कुणब्या’ म्हणून बघा, बसतंय का.

निवेदनासाठी मात्र ‘बसंती’ तसाच ठेवा आणि पुढे ‘मोहरीच्या फुलासारखा पिवळा’ एवढं जोडा. राजगुरूंचं नाव घेणार असाल तर त्यांचं गाव खेड, म्हणजे आजचं राजगुरुनगर, हेही सांगा. पुणे जिल्ह्यातल्या मुलांनासुद्धा ते पुष्कळदा ठाऊक नसतं.