अजानवृक्ष आणि बाजारातली वडाची फांदी

वर एका ताईंनी विचारलंय की वटपौर्णिमेला बाजारातून फांदी आणून पुजली तर काय बिघडलं. ताई, मला वाटतं बिघडतं. पूजा त्या उभ्या, वाढत्या झाडाची आहे. तोडलेली फांदी संध्याकाळपर्यंत मान टाकते, दुसऱ्या दिवशी कचऱ्याच्या गाडीत जाते. फेऱ्या मारायच्या कशाभोवती?

आपल्या पुण्याजवळच पाहा ना. आळंदीला ज्ञानेश्वर माउलींनी १२९६ साली समाधी घेतली. पुढे जवळजवळ तीनशे वर्षांनी एकनाथांना दृष्टांत झाला, अशी कथा आहे. माउली स्वप्नात येऊन म्हणाले, समाधीपाशी उभ्या असलेल्या अजानवृक्षाची मुळी माझ्या गळ्याला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ पैठणहून आळंदीला आले, मुळी सोडवली. मला या कथेत फार मोठं काही दिसतं: मुळी काढली, झाड राखलं! आजही माणसं त्या झाडाच्या सावलीत ज्ञानेश्वरीचं पारायण करतात. मी गेल्या कार्तिकीत पाहिलं, एक आजी पोथी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. ओवीवर पान पडलं की उचलून कपाळाला लावायच्या आणि खुणेला पोथीतच ठेवायच्या.

देहूत नांदुरकीच्या झाडाचंही तसंच; तुकोबांच्या वैकुंठगमनाच्या वेळी ते हलतं, अशी श्रद्धा आहे. तुकाराम बीजेला भर दुपारी बाराला सगळ्यांच्या माना वर, फुलं हातात, डोळे पानांवर.

फांदी आणण्यापेक्षा जवळचा वड शोधा, ताई. आमच्या पेठेत देवळापाशी आहे, रांग लागते, पण आम्ही थांबतो.