मदत हवी आहे: स्क्रू नसलेली कॅसेट कशी उघडायची?
माळा आवरताना माझी लहानपणीची पत्र्याची पेटी सापडली. गोट्या, मोडका कंपास आणि ६० मिनिटांची एक कॅसेट. १९९१ च्या दिवाळीत आजीच्या ओव्या टेप केल्या होत्या, मध्येच कुकरची शिट्टीही आहे! तेव्हा फीत गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची, झालं काम. आता घरात टेप नाही, आणि पेन्सिलही शोधावी लागते.

फितीवर पांढरी बुरशी दिसतेय, आतला फेल्टचा इवला तुकडा गळालाय. कॅसेट चिकटवलेली आहे. फीत न तुटता कशी उघडू? स्क्रूवाल्या दुसऱ्या कॅसेटमध्ये रीळ बसवता येतं ना? पुण्यात हे काम करणारं कोणी भरवशाचं आहे का? एका दुकानात नेली, तर तो म्हणे, "ताई, यूट्यूबवर मिळेल की!"