ब्लीचनं टी-शर्टवर ‘बेळगाव’ काढुलोय पण अक्षरं पसरतात, सांगा की कुणीतरी

शहापूरचा_ढोलकरी:
नमस्कार मंडळी. आमच्या गल्लीतल्या ढोल पथकासाठी १४ काळे टी-शर्ट घरीच करायचं ठरलंय, छापून घेणं वर्गणीत बसत नाही म्हणून ब्लीच आणि स्टेन्सिल. पाठीवर मोठ्या अक्षरात ‘बेळगाव’ पाहिजे. बाबांच्या जुन्या एक्स-रे फिल्मवर अक्षरं कापली, बाटलीत ब्लीच भरून स्प्रे मारला, तर पहिल्या शर्टावर ब चं पोट, व चं पोट सगळं भरून नारिंगी गोळे झाले. दुसऱ्यावर कडा पसरल्या. तिसरा दुकानदारानं प्युअर कॉटन म्हणून दिलेला, त्याच्यावर अर्धा तास झाला तरी काहीच नाही. आणि पहिला शर्ट दोन धुण्यातच बरोबर अक्षरावर विरायला लागलाय. गणपती तोंडावर आलेत, ११ शर्ट अजून तसेच हायत, पोरं रोज विचारतात.

वडगावची_माई:
बाळ, तिसऱ्या शर्टापासून सांगते. ब्लीच सुती कापडाचा रंग उडवतं, पॉलिस्टरवर ते चालत नाही. शिवणीतला एक धागा काढून पेटवून बघ, सूत असेल तर कागदासारखं जळून मऊ राख होते, पॉलिस्टर वितळून टोकाला टणक मणी धरतो. उरलेल्या अकराचे पण धागे बघ आणि आतल्या दुमडीवर एक थेंब ब्लीच टाकून पाच मिनिटं थांब, म्हणजे कुठला रंग निघतो ते आधीच कळंल. काळा रंग बऱ्याचदा दोन-तीन रंग मिसळून केलेला असतो, म्हणून एकाचा तांबडा निघतो, एकाचा विटकरी.
आता विरायचं. ब्लीच नुसतं वापरलंस न्हवं? जेवढं ब्लीच तेवढंच पाणी घाल. आणि रंग तुला पाहिजे त्याच्या थोडा अलीकडं असतानाच शर्ट पाण्यात घाल, कारण कापड ओलं असेपर्यंत ब्लीच आपलं काम करतच राहतं आणि रंग संपला की सूत खातं. आपल्याकडच्या ह्या पावसात कपडा दोन-दोन दिवस वाळत नाही, तिथंच घात होतो. साध्या पाण्यानं दोनदा खळबळून काढ, मग मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साईड एक भाग आणि पाणी दहा भाग, त्यात दहा मिनिटं ठेव, उरलेलं क्लोरीन मरतं. आमच्या घरी माग होता, सूत कमजोर झालं की बोटाला आधी कळतं, ताणून बघितलं की हलकं तडतडतं. पोरांच्या अंगावरचा कपडा हाय, टिकला पाहिजे.

खानापूर_पेंटर:
मी बोर्ड रंगवतो. तुमची खरी अडचण शिरोरेषा हाय. ती सलग कापली की दोन अक्षरांमधली फिल्म वरून सुटी होते, जिभेसारखी वर उचलते आणि खालून ब्लीच शिरतं. प्रत्येक अक्षरापाशी शिरोरेषा ३-४ मिलिमीटर तोडून तिथं पूल ठेवा. ब ला आतल्या तिरक्या रेघेमुळं दोन पोटं, ळ ला दोन, व ला एक, प्रत्येक पोटाला बाहेरशी जोडणारा पूल पाहिजेच, न्हाईतर तो तुकडा गळून पडतो. दुसरा सोपा मार्ग, रेडियमच्या दुकानात ‘बेळगाव’ कापून घ्या, अक्षरंच शर्टावर चिकटवा आणि भोवतीनं ब्लीच मारा. अक्षर काळं राहतं, भोवती नारिंगी. मला तर तेच जास्त उठावदार वाटतं.
एक्स-रेच वापरणार असाल तर फिल्म आधी ब्लीचच्या पाण्यात बुडवून तो काळा थर पुसून काढा, न्हाईतर तो शर्टावर उतरतो. फिल्म काचेसारखी झाली की खाली कागद ठेवून अक्षर गिरवता पण येतं. शर्टात पुठ्ठा घाला, प्लास्टिक गुंडाळून, म्हणजे पुढच्या बाजूला उतरणार नाही. आणि बाटली हातभर लांब धरून बारीक तुषार, थेंब साचला की लगेच जुन्या फडक्यानं टिपा, पुसू नका.

निपाणी७७:
एकच सांगतो, हे न्हाणीत करू नका, परसात करा. ब्लीच आणि संडासचं ॲसिड एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो, छातीत बसतो. व्हिनेगर, लिंबू पण लावू नका, बरेच जण सांगतात ते. हातमोजे घाला, बारकी पोरं लांब ठेवा आणि उरलेलं स्प्रेच्या बाटलीत तसंच ठेवू नका.

शहापूरचा_ढोलकरी:
माई, दादा, सगळ्यांचे आभार. ११ पैकी ३ शर्टांचे धागे वितळले, ते बदलून आणले. रेडियमची अक्षरं चिकटवून काल सोप्यात एक केला, निम्मं पाणी घालून. सहा मिनिटांत काळ्याचा विटकरी झाला तसा बादलीत घातला. रेडियम सोलताना ळ ची दोन्ही पोटं स्वच्छ निघाली, कड एकदम धारदार. पेरॉक्साईडमधनं काढून पंख्याखाली वाळवला, ताणून बघितला, तडतडला नाही. उद्या बाकीचे १० घेतो.