गेम पॅकेज करताना स्टेबल घ्यायचं की डेव्हलपमेंट? सल्ला हवाय

उनाड_पेंग्विन
मंडळी, आमच्या लिनक्स ग्रुपसाठी मी एक छोटी डेब रिपॉझिटरी (डेबियन लिनक्सवर बसणाऱ्या पॅकेजांचा साठा) चालवते, त्यात फक्त गेम्स. बरेच जण अजून डेबियन १२ वर आहेत आणि त्यात वेसनॉथ हा स्ट्रॅटेजी गेम १.१६ च मिळतो, म्हणून नवीन पॅकेज करायला घेतलंय. आता निम्मे म्हणतायत १.१८ टाक, निम्मे म्हणतायत टाकायचाच तर १.१९ टाक, त्यात नवीन गोष्टी आहेत. कोणता घेऊ? आणि असं ठरवताना तुम्ही नक्की काय बघता?

डेबवाला
१.१८. डोळे मिटून.
वेसनॉथचं गणित सोपं आहे, पहिल्या टिंबानंतरचा आकडा सम असेल तर स्टेबल (पक्की आवृत्ती), विषम असेल तर डेव्हलपमेंट (अजून काम चालू असलेली). १.१८ मार्च २०२४ मध्ये आला आणि डेबियन १२ जून २०२३ चं, म्हणून तुमच्याकडे १.१६ अडकलाय. १.१८ मालिकेतल्या सगळ्या आवृत्त्या मल्टिप्लेअरला एकमेकांशी जुळतात, ॲड-ऑनही चालतात. १.१९ मध्ये ती हमी नाही. म्हणजे नवीन बिल्ड (कोडपासून बनवलेली प्रत) आली की तुझं पॅकेज जुनं, सर्व्हरवर बाकीचे पुढे गेलेले, आणि तू सुट्टीवर असलीस तर अख्खा ग्रुप बाहेर. शिवाय सेव्ह फाइल मोडली की लोक गेमवाल्यांकडे नाही, तुझ्याकडेच येणार.

गुहेतला_चेटक्या
स्टेबल स्टेबल करणाऱ्यांना एक विचारतो, नेटहॅक या जुन्या गुहेतल्या गेमचं काय? ३.४.३ आला डिसेंबर २००३ मध्ये आणि पुढचा ३.६.० थेट डिसेंबर २०१५ ला. १२ वर्षं!! तेवढ्या काळात लोकांनी स्वतःचे पॅच लावून वेगळे व्हेरियंट काढले नि तेच खेळत बसले. कॅटॅक्लिझम डीडीए या सर्व्हायव्हल गेमचंही तसंच, तिथे एक्सपेरिमेंटल बिल्ड जवळजवळ रोज निघते आणि स्टेबल घेऊन बग टाकायला गेलात तर पहिलं उत्तर येतं की आधी नवीन बिल्डवर बघा.

डेबवाला
@चेटक्या मान्य, पण ते दोन्ही मुळात एकट्याने खेळायचे गेम आहेत, सर्व्हरशी जुळवायचं नाही, म्हणून तिथे डेव्हलपमेंट परवडतं. ओपनटीटीडी हा वाहतुकीचा गेम घे, तिथे सर्व्हर आणि खेळणारा दोघांची आवृत्ती तंतोतंत एकच लागते, नाईटली (रोजची डेव्हलपमेंट बिल्ड) टाकलीस तर एकटाच आगगाड्या पळवत बस. लेबल काय आहे ते सोड, लोक खेळतायत कुठे ते बघ. झिरो एडी हा स्ट्रॅटेजी गेम कित्येक वर्षं अल्फाच (अपुरी, चाचणीची आवृत्ती) म्हणवत होता, २०२५ मध्ये आलेला २७ वा सुद्धा अल्फाच, पण डिस्ट्रोंनी (डेबियनसारख्या लिनक्सच्या प्रकारांनी) तोच पॅकेज केला कारण सगळे तोच खेळत होते.

रात्रपाळी
झिरो एडीचा विषय निघालाच आहे तर साइजचंही बघ ताई. डेटा एक जीबीच्या वर जातो, त्याची दर आठवड्याला गिटमधून (डेव्हलपरांचा ताजा कोड असतो तिथून) नवीन बिल्ड काढलीस तर मोबाईल डेटावर अपडेट करणारे शिव्या घालतील. डेटाचं पॅकेज वेगळं ठेवायचं, पण अशा ताज्या कोडच्या स्नॅपशॉटमध्ये डेटाही सारखा बदलतो, मग वेगळं ठेवून फायदा काय.

उनाड_पेंग्विन
बरं, १.१८ नक्की. पण ती दोन-तीन पोरं १.१९ साठी फारच मागे लागलीयेत, त्यांना वेगळं देता येईल का?

डेबवाला
येईल. डेबियनमध्ये करतात तसं आवृत्ती पॅकेजच्या नावातच घाल, वेसनॉथ-१.१८ आणि वेसनॉथ-१.१९, दोन्ही शेजारी शेजारी बसतात. एकाच नावाखाली १.१९ अजिबात टाकू नकोस, नंतर १.१८ वर परतायचं म्हटलं तर ॲप्ट (पॅकेज बसवणारं साधन) आपोआप खालच्या आवृत्तीवर येत नाही, मग इपॉक (आवृत्तीच्या आधी लावायचा जादा आकडा) लावावा लागतो आणि तो एकदा लागला की कायमचा.
वॉच फाइलमधला (नवीन आवृत्ती कुठे शोधायची ते सांगणारी फाइल) रेगेक्स, म्हणजे शोधायचा नमुना, पण १.१८ पुरता बांधून घे, नाहीतर ती फाइल वाचणारं यूस्कॅन दरवेळी १.१९ नवीन आलाय म्हणून ओरडणार.

गुहेतला_चेटक्या
आणि गिटमधून काही काढलंस तर येणाऱ्या आवृत्तीच्या आकड्यानंतर टिल्ड (~) लावून मग तारीख. टिल्डवालं खालचं धरतात, खरं रिलीज आलं की आपोआप वर चढतं. माझी नेटहॅक ३.७ ची खाजगी बिल्ड अशीच चालते.

उनाड_पेंग्विन
भारी, धन्यवाद सगळ्यांना. १.१८ शनिवारी टाकते. १.१९ हवाय त्यांना सांगितलंय की पॅकेज देईन, पण बग तुम्हीच वेसनॉथच्या गिटहबवर इंग्रजीत लिहायचा, तर आता तिघांतला एकच उरलाय.

रात्रपाळी
😂 तो एक कोण ते सांग, आमच्याकडे टेस्टर हवाय.